एकटीने ट्रेनने एगर: हंगेरीतल्या किल्ल्याच्या गावाची एक दिवसाची ट्रिप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बुडापेस्टला निघालेलं ओळखीतलं कोणीही असो, फोन मला येतोच, आणि प्रश्न तेच असतात: एकटीने जमेल का, ट्रेन कुठून, खायचं काय, संध्याकाळी परत येता येतं का. मी एगरला दोनदा गेले, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरात, दोन्ही वेळा एकटी आणि ट्रेननेच. म्हटलं एकदा नीट बसून सगळं लिहूनच टाकावं.

एगरच का? बुडापेस्टच्या जवळ इतकी गावं आहेत की

आहेत ना. सेन्तेन्द्रे तर लोकल ट्रेनने होतं, एस्तेरगोमचं प्रचंड चर्चही दीड तासाच्या आत आहे. दोन्ही छान आहेत, पण मला विचाराल तर एकच दिवस हातात असेल तर एगर. कारण तिथे किल्ला आहे आणि त्या किल्ल्याला गोष्ट आहे. आपण गडकिल्ल्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं, मूठभर लोकांनी बलाढ्य फौजेला अडवून धरलं हे ऐकलं की आपल्या अंगावर काटा येतोच, तो गड कुठल्या का देशात असेना. त्यात गाव लहान, सगळं पायी होतं. एक मात्र आधीच सांगते, एगर आणि आणखी एक गाव असं एका दिवसात कोंबू नका. सगळ्यांना हेच सांगते, निम्मे जण तरी ऐकत नाहीत आणि मग किल्ला पाऊण तासात उरकून येतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आहे कुठे आणि वेळ किती लागतो?

बुडापेस्टच्या ईशान्येला, रस्त्याने साधारण १३० किलोमीटर, मात्रा आणि ब्युक या दोन डोंगररांगांच्या मधल्या खोलगट भागात. ट्रेनने एका बाजूला साधारण दोन तास धरा. म्हणजे जाऊन-येऊन चार तास प्रवास, सकाळी आठच्या आसपास निघालात आणि संध्याकाळी सहा-सातला परत फिरलात तर गावात आठ-नऊ तास मिळतात. भरपूर झाले.

गाडी कुठून सुटते? थेट आहे का बदलावी लागते?

केलेती स्टेशनवरून. केलेती म्हणजे पूर्वेचं. मेट्रोच्या २ नंबरच्या आणि ४ नंबरच्या लाइनने थेट त्याच्या खाली उतरता येतं. स्टेशन १८८४ सालचं आहे, दहा मिनिटं लवकर जा आणि समोरून बघा, दर्शनी भागावर जेम्स वॉट आणि जॉर्ज स्टीफन्सन यांचे पुतळे आहेत, म्हणजे वाफेचं इंजिन आणि रेल्वे ज्यांच्या नावाशी जोडली जाते तेच दोघं पाहुण्यांच्या स्वागताला उभे.

एगरला काही गाड्या थेट जातात, काही वेळा मिश्कोल्त्सच्या दिशेची गाडी घेऊन फ्युझेशॉबोन्य नावाच्या जंक्शनला बदलावं लागतं, तिथून एगर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. पहिल्यांदा जाणार असाल तर थेट गाडीच बघा, उगाच डोक्याला ताप नको. बदलावं लागलं तरी घाबरू नका, जंक्शन लहान आहे आणि एगरची गाडी बहुतेक वेळा मेन लाइनच्या गाडीची वेळ बघूनच लावलेली असते.

अजून एक. ट्रॅकचं काम निघालं की मधल्या टप्प्यात ट्रेनऐवजी बस देतात, तिला पोत्लोबुस म्हणतात. म्हणून आदल्या रात्री रेल्वेच्या ॲपमध्ये त्या तारखेचं टाइमटेबल बघाच, आठवडाभर आधी कोणीतरी सांगितलेल्या वेळेवर जाऊ नका.

तिकीट आधी काढावं का?

हंगेरीच्या रेल्वेचं, म्हणजे मावचं, ॲप आहे, त्यात इंग्रजी चालतं, कार्डने पैसे भरले की तिकीट फोनवर येतं. स्टेशनवर मशिन्सही आहेत, त्यांवर पण इंग्रजी निवडता येतं. साध्या गाडीला सीटचं रिझर्व्हेशन लागत नाही, आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी काढलं तरी चालतं. इंटरसिटीने थोडा भाग जाणार असाल तर वेगळं जागेचं तिकीट लागतं, ते ॲप स्वतःच दाखवतं.

६५ च्या वरच्यांना तिथे रेल्वे फुकट आहे असं ऐकून आमच्या ओळखीतले एक काका खूश झाले होते, ती सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर मिळत नाही. तिकीट काढा.

आणि तिकीट फोनमध्ये असेल तर फोन चार्ज ठेवा. पहिल्या खेपेला परतीच्या गाडीत माझा फोन दोन टक्क्यांवर आला होता, दिवसभर फोटो काढले होते त्यामुळे, आणि तिकीट तपासनीस येईपर्यंत मी स्क्रीन बंद करून फोन अक्षरशः मुठीत धरून बसले होते. तिकीट दाखवलं आणि मग फोन बंद पडला. दुसऱ्या वेळी पॉवर बँक घेतली आणि शिवाय तिकिटाची प्रिंटही.

ट्रेनमध्ये कुठल्या बाजूला बसू?

जाताना डावीकडे. पहिला तासभर सपाट शेतं, सूर्यफूल आणि मका, मग डावीकडे मात्राचे डोंगर यायला लागतात, हंगेरीतलं सगळ्यात उंच शिखर केकेश त्याच रांगेत आहे, उंची १०१४ मीटर. सह्याद्री बघितलेल्याला हे डोंगर म्हणजे लांबलचक निळी रेघ वाटते, पण एवढ्या सपाट देशात ती रेघ दिसली की बरं वाटतं. वाटेत हात्वान नावाचं जंक्शन लागतं, हंगेरियनमध्ये हात्वान म्हणजे साठ. गावाचं नाव साठ! मला हे ट्रेनमध्ये शेजारच्या आजींनी बोटांवर सहा दहा मोजून दाखवून समजावलं.

स्टेशनवरून गावात कसं जायचं?

चालत. पंधरा-वीस मिनिटं. स्टेशनबाहेर पडलं की देआक फेरेंत्स रस्ता धरायचा आणि सरळ चालत राहायचं, तो बॅसिलिकापाशी, म्हणजे गावातल्या मोठ्या चर्चपाशी, आणून सोडतो. बस आहेत, टॅक्सी आहे, पण गुडघे बरे असतील तर चालाच.

किल्ल्याला किती वेळ ठेवू?

अडीच तास. तीन असतील तर तीन. आणि आधी किल्ला, मग बाकी सगळं. बहुतेक लोक उलटं करतात, बॅसिलिका वाटेत आहे म्हणून आधी तिथे शिरतात, मग चौकात कॉफी, मग मिनार, आणि किल्ल्यावर पोचेपर्यंत दुपारचं ऊन आणि ग्रुप टूरवाल्यांची गर्दी. तुम्ही सकाळी दहाच्या आसपास गावात पोचाल, सरळ चौक ओलांडून वर चढा.

चढ काही नाही हो. राजगड तोरणा केलेल्यांना तर हसू येईल, दगडी फरसबंदीची उताराची वाट आहे, दहा मिनिटांत वर. तिकीट दोन प्रकारचं मिळतं, नुसतं आवारात फिरायचं आणि आतल्या प्रदर्शनांसकट, पूर्ण घ्या. आत मध्ययुगीन कॅथेड्रलचे अवशेष आहेत, जुना बिशपचा वाडा आहे ज्यात म्युझियम आहे, आणि खाली काझामाता, म्हणजे तटाच्या पोटातली भुयारं. भुयारं गाइडबरोबरच बघता येतात, गाइड बऱ्याचदा हंगेरियनमधून बोलतो, पण तरी जा. तिथे एक ढोल ठेवलेला दाखवतात, त्याच्यावर वाटाणे. तुर्क सैन्य तटाखाली सुरुंग खणत असेल तर जमिनीच्या हादऱ्याने ढोलावरचे वाटाणे थरथरायचे, पाण्याने भरलेल्या भांड्यात तरंग उठायचे, मग आतले लोक अंदाजाने उलट बाजूने खणत जाऊन तो सुरुंग निकामी करायचे. आमच्या गाइडने हाताने नुसता जमिनीवर धप्प आवाज केला आणि वाटाणे हलले. ग्रुपमधली शाळकरी मुलं एकदम गप्प झाली, मी पण.

सगळ्यात वरच्या बुरुजावर एक साधी कबर आहे, गार्दोन्यी गेझा या लेखकाची. तुर्कांनी या किल्ल्याला १५५२ मध्ये घातलेल्या वेढ्यावरची त्यांची कादंबरी हंगेरीतली सगळी मुलं शाळेत वाचतात, ते १८९७ पासून एगरमध्येच राहिले आणि १९२२ ला तिथेच गेले. कबरीवर तीनच शब्द आहेत: चॉक ऑ तेश्ते, म्हणजे "फक्त देह". त्याच्या शेजारी बसा थोडा वेळ. खाली लाल कौलांचं अख्खं गाव दिसतं, चर्चचे मनोरे, मध्येच तो एकटा मिनार, पलीकडे ब्युकचे डोंगर. एकटं जाण्याचा फायदा इथे कळतो, कोणाला चला चला करायचं नसतं. मी ऑक्टोबरात तिथे जवळजवळ तासभर बसले होते, डब्यातले दशम्यांचे दोन तुकडे खाल्ले, कोणी काही म्हटलं नाही.

इतिहास आधी वाचून जावं का? थोडक्यात सांगाल?

वाचून जाच, नाहीतर नुसते दगड दिसतील.

गोष्ट १५५२ ची. त्या एका उन्हाळ्यात ऑटोमन, म्हणजे तुर्की, फौजेने तेमेश्वार घेतलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला सोल्नोक घेतलं, आणि पुढचा नंबर एगरचा होता. एगर पडलं की उत्तर हंगेरीची वाट मोकळी. जुन्या कथांमध्ये लाख-दीड लाख सैन्य म्हणतात, आत्ताचे इतिहासकार ३५ ते ४० हजार धरतात. आणि आत? सुमारे दोन हजार माणसं, त्यात सगळे सैनिक नव्हते, आसपासच्या गावांतले शेतकरी होते, बायका होत्या, मुलं होती. किल्लेदाराचं नाव दोबो इश्तवान. (हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं, म्हणजे दोबो आडनाव, इश्तवान नाव.) शरण या असं पत्र आलं तेव्हा दोबोने उत्तर लिहिलंच नाही, तटावर दोन भाल्यांच्या मध्ये एक काळी शवपेटी लटकवली. इथे मरू पण किल्ला देणार नाही, असा त्याचा अर्थ.

मग ३९ दिवस तोफा. मध्येच ४ ऑक्टोबरला आतलाच दारूचा साठा उडाला, कॅथेड्रलच्या एका भागात ठेवलेला होता, माणसं गेली, भिंत गेली, तरी यांनी आतच गंधक आणि सोरा घेऊन नवी दारू करायला घेतली. बोर्नेमिस्सा गेर्गेय नावाचा एक जण होता, त्याने लाकडी चाकात दारू, डांबर, भरलेल्या बंदुकांच्या नळ्या असं काय काय ठासून ते पेटतं चाक उतारावरून खाली सोडलं, गडगडत जाईल तसतसं फुटत जाणारं. शेवटच्या मोठ्या हल्ल्यांत बायका तटावर आल्या, उकळतं पाणी, डांबर, दगड, हाताला लागेल ते वरून टाकलं. हंगेरीत "एगरच्या बायका" हा शब्दप्रयोग आजही आहे, चित्रकार सेकेय बेर्तालान यांनी १८६७ मध्ये याच विषयावर मोठं चित्र काढलं. थंडी सुरू झाली, फौजेत दाणागोटा कमी पडला, आणि ऑक्टोबरच्या मध्यात वेढा उठला.

पण गोष्ट तिथे थांबत नाही आणि मला हा पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा वाटतो. ४४ वर्षांनी, १५९६ मध्ये, सुलतान तिसरा मेहमेद स्वतः आला. तेव्हा आत बहुतांश परदेशी भाडोत्री सैनिक होते, आणि किल्ला पडला. तोच किल्ला, बघा. पुढे ९१ वर्षं एगर ऑटोमन राज्यात राहिलं, १६८७ ला सुटलं, म्हणजे इकडे औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला तेच वर्ष. आणि १७०२ मध्ये तर हाब्सबुर्गांनीच, म्हणजे व्हिएन्नाच्या राजघराण्यानेच, बाहेरचा अर्धा किल्ला सुरुंग लावून उडवला, पुढे कोणी बंडखोराने वापरू नये म्हणून. आज दिसतो तो उरलेला अर्धा.

खालच्या चौकात काय आहे?

दोबो चौक. दोबोचा पुतळा आहे, १९०७ चा, शिल्पकार श्ट्रोब्ल अलायोश, दोबोच्या बाजूला तटावरची एगरची बाई पण आहे, ती बघायला विसरू नका. समोर गुलाबी रंगाचं जुळ्या मनोऱ्यांचं मिनोराइट चर्च, अठराव्या शतकातलं. बाजूने एगरचा ओढा वाहतो. बाक आहेत, आइस्क्रीम आहे. कॉफी इथेच घ्या.

त्या मिनारवर चढू का?

दम लागत असेल, चक्कर येत असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर नको. मनापासून सांगते. ९७ पायऱ्या आहेत, आणि जिना इतका अरुंद की पाठीवरची सॅक घासते, वरून कोणी उतरत असेल तर कोणीतरी एकाला मागे जावंच लागतं. वर सज्जाही हातभरच.

पण खालून बघायलाच पाहिजे. उंची ४० मीटर, चौदा बाजूंचा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, युरोपात ऑटोमन काळातले जे मिनार इतक्या उत्तरेला टिकलेत त्यातला हा एक. मशीद १८४१ मध्ये पाडली. मिनारही पाडायला ४०० बैल जुंपले होते आणि तो हलला नाही असं गावात सांगतात, खरं-खोटं देव जाणे, पण आज त्याच्या टोकावर चंद्रकोर आणि क्रॉस दोन्ही आहेत. मला एगरमधली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे, किल्ल्यापेक्षाही थोडी जास्त.

लायसियम काय आहे? लोक म्हणतात चुकवू नका

खरंच चुकवू नका. बॅसिलिकाच्या समोरची मोठी पिवळट इमारत, आता तिथे युनिव्हर्सिटी आहे. एगरचे बिशप एस्तेरहाझी कारोय यांना इथे विद्यापीठ काढायचं होतं, १७६५ पासून वीस वर्षं इमारत बांधली, आणि व्हिएन्नाच्या दरबाराने परवानगीच दिली नाही. तरी त्यांनी ग्रंथालय केलं. ते ग्रंथालय बघायचं. छताकडे बघितलं की वाटतं वर गॉथिक कमानी आहेत, खांबांवर तोललेलं उंच छत आहे, प्रत्यक्षात छत जवळजवळ सपाट आहे, सगळं १७७८ मध्ये क्राकर नावाच्या चित्रकाराने रंगवलेलं. गाइडने सांगितल्यावरही माझे डोळे ऐकायला तयार नव्हते.

मग मनोऱ्यात वर चढायचं, जुनी वेधशाळा आहे, आणि सगळ्यात वर एक अंधारी खोली, कॅमेरा ऑब्स्क्युरा. छतातली भिंगं आणि आरसा फिरवला की मध्ये ठेवलेल्या गोल पांढऱ्या टेबलावर बाहेरचं एगर उमटतं, तेही हलतं, चौकातून चालणारी माणसं, वळणारी गाडी, फडफडणारा झेंडा. वीज नाही, स्क्रीन नाही, अठराव्या शतकातली यंत्रणा. ऊन असेल तेव्हाच छान दिसतं म्हणून ढग असतील तर थोडं थांबून वर जा. लिफ्ट नाही, पायऱ्या भरपूर आहेत. हिवाळ्यात वेळा कमी असतात, आधी बघून ठेवा.

बॅसिलिका?

मोठं आहे, पिवळं आहे, १८३० च्या दशकात हिल्ड योझेफ यांनी बांधलं, बुडापेस्टच्या सेंट स्टीफन बॅसिलिकाचं काम सुरू करणारेही तेच. आत वीस मिनिटं पुरतात. त्यापेक्षा पायऱ्यांच्या बाजूला "गावाखालचं गाव" म्हणून तळघरांचं दार आहे तिकडे जा, बिशपच्या वाइनसाठी ज्वालामुखीच्या मऊ दगडात कोरलेली लांबच लांब भुयारं, भर उन्हाळ्यातही गारठा, अंगावर काहीतरी घ्या.

मी शुद्ध शाकाहारी आहे, उपाशी राहीन का?

नाही, पण विचारून खायचं. नियम असा धरा की सूपमध्ये मांसाचा अर्क असतोच, बाबलेवेश म्हणजे बीन्सचं सूप ऐकून आपल्याला राजमा आठवतो पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. पोगाचा म्हणून खारे छोटे बन बेकरीत मिळतात, चीजवाले म्हणजे शायतोश घ्या, तेपेर्तोश घेऊ नका, त्यात डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे असतात. बिनधास्त घेण्यासारखं: रांतोत शायत म्हणजे तळलेलं चीज, लांगोश म्हणजे आपल्या भटुऱ्याचा मोठा भाऊ, वर आंबट साय आणि चीज (तळायला चरबी वापरतात का ते मात्र विचारा), काकाओश चिगा म्हणजे कोकोचं गुंडाळीचं पाव, आणि पालाचिंता, नावात चिंता असली तरी ती पातळ गोड धिरडी असतात, आत जॅम किंवा तुरो, तुरो म्हणजे आपल्या पनीर-चक्क्याच्या मधलं काहीतरी. उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंड सूप मिळतं, मेद्यलेवेश, ते घ्याच.

दोन वाक्यं पाठ करा. "हूश नेलक्युल" म्हणजे मांस नको, "सालोन्ना नेलक्युल" म्हणजे बेकन नको. दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण बेकनला मांसात न धरता वरून भुरभुरणारे आचारी भेटतात. आणि दशम्या, खाकरा, चिवडा असं घरचं काहीतरी बॅगेत असू द्या.

वाइनची दरी एकटीने करावी का?

दरीचं नाव सेपॉस्सोन्य व्योल्ग्य, म्हणजे सुंदर बाईची दरी. चौकापासून चालत अर्धा तास. टेकडीत कोरलेली तळघरं अर्धगोलात, प्रत्येकाबाहेर दोन-चार टेबलं. मी दुपारी चारला गेले, कुटुंबं होती, म्हातारी जोडपी होती, अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही. वाइन देत्सीवर मागतात, एक देत्सी म्हणजे १०० मिली, थोडी चाखायची असेल तर हे बरं. एग्री बिकावेर ही इथली प्रसिद्ध लाल वाइन, बिकावेर म्हणजे बैलाचं रक्त. कथा अशी की वेढ्यात सैनिक लाल वाइन पिऊन लढत, दाढ्या लाल, आणि शत्रूला वाटलं हे बैलाचं रक्त पितात. कथाच आहे. पांढरी हवी असेल तर एग्री चिल्लाग मागा, एगरचा तारा.

दोन ग्लासांच्या पुढे एकटीने जाऊ नका, परत ट्रेन पकडायची आहे आणि वाटेवर संध्याकाळी वर्दळ कमी होते. पित नसाल तरी दरी बघायला जा, द्राक्षाचा रस मागितला तर बऱ्याच ठिकाणी मिळतो. वेळ कमी असेल तर मात्र हीच गोष्ट गाळा, लायसियम नको.

तुर्की हमामला वेळ मिळेल?

आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, गरम पाण्याच्या झऱ्यावरचा, आणि अजून चालू. पण हमाम आणि वाइन दरी यातलं एकच काहीतरी होईल. स्विमिंग कॉश्च्युम घेऊन जायचा.

एकट्या बाईला सेफ आहे का?

मला दोन्ही वेळा कुठेही भीती वाटली नाही. गाव शांत आहे, दिवसा चौकात शाळेची मुलं आणि आजी-आजोबाच जास्त. काळजी घ्यायची ती केलेतीच्या गर्दीत, पर्स पुढे, फोन हातात मिरवायचा नाही, आपण दादरला घेतो तेवढीच. मदत लागली तर ११२. पासपोर्ट जवळ असू द्या, परदेशी माणसाने ओळखपत्र बाळगायचं असा तिथला नियम आहे.

एकटं जेवायला बसायचं टेन्शन असतं बऱ्याच जणींना, मला पण असायचं. चौकातल्या बाहेरच्या टेबलावर बसा, समोर बघायला इतकं असतं की कळतही नाही. फोटो काढून द्यायला लोक आनंदाने तयार होतात.

भाषेचं काय?

तरुण लोक इंग्रजी बोलतात, स्टेशनवरचे कमी. अक्षरांची एक गंमत लक्षात ठेवा, तिथे एस लिहिलं की "श" म्हणायचं, आणि एस-झेड जोडून लिहिलं की "स". एवढ्यावर अर्धी नावं बरोबर येतात. बोर्डावर "इंदुल" म्हणजे सुटणार, "एर्केझिक" म्हणजे येणार, "वागान्य" म्हणजे प्लॅटफॉर्मचा ट्रॅक, "केशिक" दिसलं तर गाडी लेट. नमस्काराला "यो नापोत", आभाराला "क्योस्योन्योम", हा शब्द तीनदा चुकला तरी समोरचा हसून आपल्याला परत शिकवतो.

कधी जाऊ, आणि कोणता वार?

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. सोमवार टाळा, बरीच म्युझियम आणि प्रदर्शनं बंद असतात. १५ मार्च, २० ऑगस्ट आणि २३ ऑक्टोबर हे राष्ट्रीय सुट्टीचे दिवस, दुकानं बंद आणि गाड्यांचं टाइमटेबल वेगळं. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे दिवस अर्धाच मिळतो. युरो नाही, फोरिंट. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, टॉयलेटसाठी आणि लहान तळघरांसाठी सुटे ठेवा. बूट सपाट तळाचे घाला, सगळीकडे दगडी फरशी आहे.

परतीची गाडी चुकली तर?

पुढची घ्या. आणि मुळात शेवटच्या गाडीचा प्लॅन करूच नका, तिच्या आधीची धरा. बसचाही पर्याय आहे, एगरच्या बसस्टँडवरून बुडापेस्टला पुष्काश फेरेंत्स स्टेडियमजवळच्या स्टँडवर बस जातात, तिथून मेट्रो. बसस्टँड बॅसिलिकाच्या मागेच आहे, रेल्वे स्टेशनपेक्षा जवळ.

दोनदा जाऊन झालं, आता तिसऱ्यांदा जाणार का?

हो, पण या वेळी रात्री राहणार. एगरहून पुढे सिल्वाशवारादला छोटी लाइन जाते, तिथे लिपित्सा जातीच्या पांढऱ्या घोड्यांची पैदास करतात, आणि सालायका नावाच्या दरीत नॅरोगेजची गाडी धबधब्यापर्यंत नेते, आपल्या माथेरानच्या गाडीसारखी. ती लाइन किल्ल्याच्या अगदी मागून जाते, उडवलेला अर्धा किल्ला जिथे होता तिथून. ऑक्टोबरात मी तटावर बसले होते तेव्हा खालून ती गाडी गेली, छोटीशीच, खिडकीत एक लहान मुलगी होती, तिने हात केला, मी पण केला.